सावळेरामचा नंबर

दिनांक ३० ऑक्टोबर २०२४, बुधवार. पिंपळमळा फाट्यावरच्या गनीभाईंच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाच्या खात्यावर नऊ हजार चारशे बारा रुपये साठ पैसे जमा झाले. दिवाळी तोंडावर होती, मागची वसुली येण्याचे दिवस होते; पण हे पैसे कोणा शेतकऱ्याने भरलेले नव्हते. ते अमेरिकेतून आले होते.

संगमनेरच्या बँकेतून फोन आला तेव्हा गनीभाई एका जळालेल्या मोटरची तार उपसत बसले होते. पलीकडच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या की परदेशातून रक्कम आली आहे, ती कशापोटी आली ते एका अर्जावर लिहून द्यावे लागेल. गनीभाईंनी फोन ठेवला, हात पुसले आणि दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले. सकाळचे अकरा वाजले होते. चाळीस वर्षांत त्यांनी या फाट्यावर कोणाचा एक पैसा लबाडीने घेतला नव्हता. पण परदेशचा पैसा म्हटला की लोक आधी खातेदाराचे नाव वाचतात, हेही त्यांना याच फाट्यावर कळले होते.

"मेहताब," ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाचे आहेत हे?"

"माझे आहेत अब्बा," मेहताब म्हणाली. "गेमचे."

मेहताब त्यांची मुलगी. वय एकोणतीस, बी.कॉम., आणि तालुक्यात मोटर बांधणाऱ्या ज्या एक-दोन बाया असतील त्यांतली एक. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती दुकानात बसे. तिचे बोट तारेचे वेढे मोजत असे आणि तोंड गिऱ्हाइकाशी बोलत असे. दोन्हींत कधी चूक होत नसे. बिलांसाठी म्हणून एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यावरच व्हिडिओ बघून बघून ती गेम करायला शिकली. पहिली दोन वर्षे जे केले ते तिने स्वतःच पुसून टाकले. तिसऱ्या वर्षी जे उभे राहिले त्याचे नाव 'लाईट आली'.

गेम साधी होती. उसाच्या मळ्यात एकटे घर. लाईट येते, पण स्टार्टरची पेटी उसाच्या पलीकडे. मधल्या पायवाटेने जायचे, फ्यूज घालायचा, मोटर चालू करायची आणि परत यायचे. उसात बिबट्या आहे. तो दिसत नाही, उसाचे वाळलेले पाचट वाजते फक्त. उभ्या माणसाला तो बिचकतो. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. आणि फ्यूज घालायचा तर वाकावेच लागते. एवढीच त्या गेमची मेख होती, आणि ती मेहताबला सुचावी लागली नव्हती. प्रवरेकाठच्या पोरासोरांना ती आईच्या दुधाबरोबर कळते.

गेम विकणाऱ्या परदेशी कंपनीला आधी शंभर डॉलर भरायचे होते. ते तिने भिशीतून भरले. परदेशी कराचा फॉर्म तीन रात्री भरत बसली, आणि पैसे जमा करायला खाते मागितले तेव्हा दुकानाचे दिले. अब्बांना विचारायचे मात्र राहून गेले. गेम चालेल आणि पैसे येतील, असे तिला मनातून वाटतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बँकेत गेली. 'स्वतः तयार केलेला संगणक-खेळ विकून आलेली रक्कम' असे तिने अर्जावर लिहिले. बँकेतल्या बाईंनी अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिले, शिक्का मारला, आणि माझ्या भाच्याला नाव सांगा हो गेमचे, म्हणाल्या. घाबरणे तिथे संपायला हवे होते. गनीभाईंनी तरीही आठ दिवस त्या पैशाला हात लावला नाही.

खरी भीती नोव्हेंबरच्या वीस तारखेला आली.

पुण्याकडचा कोणी एक मुलगा होता. भीतीच्या गेम खेळायच्या आणि खेळताना स्वतःचा व्हिडिओ करायचा, हा त्याचा धंदा. त्याने 'लाईट आली' खेळून टाकली आणि दोन दिवसांत तो व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. मेहताबला हे कळले ते विक्रीच्या आकड्यावरून. आधी दिवसाला एक-दोन प्रती जात, त्या एकदम वीसवर गेल्या. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. ती दुकानातच व्हिडिओ लावून बसली. तो मुलगा ओरडत होता, हसत होता, वाकत होता आणि मरत होता. तिला फार बरे वाटले. मग तो पायवाटेच्या दुसऱ्या वळणावरच्या स्टार्टरच्या पेटीपाशी आला आणि थांबला.

पेटीवर ऑइलपेंटने लिहिले होते: सावळेराम गुंजाळ, पिंपळमळा. मोटर चोरू नये, लागल्यास मागावी. खाली दहा आकडी मोबाईल नंबर.

"हा क्लू आहे," मुलगा म्हणाला. "लावून बघू या."

मेहताबच्या हातातला पाना खाली पडला.

गेमसाठी तिने मळ्यांतल्या खऱ्या पेट्यांचे फोटो काढले होते. बारा पेट्या होत्या. आपल्याकडे पेटीवर मालक नाव आणि नंबर रंगवतोच. मोटर उघडी दिसली, वायर तुटली, तर येणारा-जाणारा फोन करतो. अकरा पेट्यांवरचे नाव-नंबर तिने कॉम्प्युटरवर पुसले. बारावी सावळेरामची. त्याचे अक्षर देखणे होते, आणि ते 'लागल्यास मागावी' वाचून तिला दर वेळी हसू यायचे. शिवाय सावळेराम दोन वर्षांपूर्वी वारला होता. मेलेल्या माणसाचा नंबर, तो कुठे लागणार, असे म्हणून तिने तो तसाच ठेवला.

चूक ती इथे झाली, आणि चूक तिचीच होती, कारण दुकानाचे रजिस्टर तीच लिहीत होती. मळ्यात माणूस जातो, नंबर जात नाही. तोच नंबर डेअरीत असतो, सोसायटीत असतो, वीजबिलावर असतो, पेटीवर रंगवलेला असतो. बायको तो फोन पदराला बांधते आणि पुढे चालवते. सावळेरामची बायको केशरबाई तेच करत होती. तिची मोटर व्हिडिओ आला त्याच आठवड्यात दुकानात आली होती, आणि चिठ्ठीवर मेहताबने स्वतःच्या हाताने तो नंबर लिहिला होता.

व्हिडिओत फोन वाजला. चार वेळा. मग उचलला गेला.

"कोन हाय?" केशरबाईचा आवाज आला. "कोन बोलतंय? मालक न्हाईत आता. दोन वर्सं झाली."

मुलाचे डोळे पांढरे झाले. त्याने फोन फेकला. खाली हजारो लोकांनी लिहिले होते की असली भारी युक्ती कुठल्याच गेममध्ये पाहिली नाही, म्हातारीचा आवाज ऐकून झोप उडाली, आम्हीही लावला, आम्हालाही तीच बोलली.

मेहताबने त्याच संध्याकाळी गेममधली पेटी बदलली. नाव, नंबर, ओळ, सगळे पुसले, पेटी कोरी. पण व्हिडिओतला नंबर तिच्या हातात नव्हता. त्या मुलाला लिहायचे तर कबूल करावे लागणार, की ही युक्ती नव्हती, ही एका विधवेची फसगत आहे. केशरबाईला सांगायचे तर तिचे दीर बजरंग यांना कळणार. बजरंग गुंजाळ म्हणजे पिंपळमळ्याचा शब्द. त्यांच्या भावकीच्या तीस-पस्तीस मोटरी दुकानात येत. त्यांनी एक बोट उचलले तर उद्या त्या संगमनेरला जातील, आणि परवा फाट्यावर लोक बोलतील की परदेशातून पैसे येतात ते असल्या धंद्याचे. अब्बांनी शटर अर्धे ओढले होते ते तिला सारखे दिसायचे. शिवाय दिवसाला वीस प्रती जात होत्या. हे तिने स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटले नाही, पण ते होते.

सांगते, उद्या सांगते, असे म्हणत बारा दिवस गेले. फोनची रिंग कुठेही वाजली की तिचे वेढे मोजणे चुकायचे. पदराला बांधलेला तो फोन आता किती वेळा वाजत असेल, ती मोजायला लागायची आणि मध्येच सोडून द्यायची.

दोन डिसेंबरला गनीभाई वैतागून म्हणाले की केशरबाईची मोटर चार दिवसांपासून तयार आहे, पण बाईचा फोन काही लागत नाही. बंदच करून ठेवलाय.

मेहताबने मान वर करून भिंतीकडे पाहिले.

पिंपळमळ्यात गेल्या वर्षीपासून फोनची साखळी होती. वासरू गेले, मग दोन कुत्री गेली, तेव्हा सगळ्या वस्त्यांनी बसून ठरवले. ज्याला बिबट्या दिसेल त्याने पुढच्या वस्तीला फोन करायचा, त्या वस्तीने पुढच्या. यादी दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेली होती, मेहताबनेच टाइप केलेली. शेवटचे नाव केशरबाई. तिची वस्ती सगळ्यांत आत, तिन्ही बाजूंनी ऊस, आणि घरात ती एकटी. ऊसतोड सुरू झाली की उसातले जनावर पुढच्या उसात सरकते, त्याच्या पुढच्या उसात सरकते. सरकत सरकत ते जिथे जाते तिथे केशरबाईचे घर होते.

आणि तिचा फोन बंद होता.

तीन डिसेंबर, मंगळवार. गनीभाई एका विहिरीवर मोटर बसवायला गेले होते. पावणेसहाला दुकानाचा फोन वाजला. बजरंग होते, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे. आमच्या तोडणीच्या टोळीने आज वरचा उसाचा फड संपवला, ते म्हणाले, आणि बिबट्या निघून वैनीच्या उसात शिरलाय, मुकादमाने डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वस्तीवरून कोणी तिच्याकडे जाऊ शकत नाही, तो मध्येच आहे. फाट्याच्या अंगाने तेवढी वाट मोकळी. "वैनीचा फोन लागना. गनीभाईला पाठव, गाडी वाजवत जा म्हनावं."

अब्बा नाहीत, असे सांगायला मेहताबने तोंड उघडले आणि "पाठवते" म्हणाली.

तिने स्कूटी काढली. फाट्यापासून वस्ती दीड किलोमीटर. डांबर संपले की बांध लागतो, बांध संपला की उसातली पायवाट. सूर्य बुडाला होता आणि उजेड मातकट झाला होता. दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच ऊस. हाच रस्ता तिने वर्षभर कॉम्प्युटरवर काढला होता. कुठे पाट आडवा जातो, कुठे खांब वाकलाय, सगळे तिला पाठ होते. बिबट्याही तिने स्वतःच ठेवला होता, दुसऱ्या वळणावर, पेटीच्या पुढे. कारण लहानपणी अब्बांच्या मागे सायकलवर बसून यायची तेव्हा नेमकी तिथे तिला भीती वाटायची. आता ते वळण समोर येत होते. तिने हॉर्नवर अंगठा दाबून धरला. हॉर्न आधी मोठा वाजला, मग बॅटरी उतरली तसा चिरका झाला.

पेटी आली. सावळेरामचे अक्षर आले. मोटर चोरू नये, लागल्यास मागावी. उजव्या अंगाला पाचट वाजले. वारा नव्हता. ते एकदा वाजले आणि थांबले; मग गाडीबरोबर वाजत पुढे येऊ लागले. तिने मान वळवली नाही. पाठीवरून घाम उतरत होता, डिसेंबरात.

घराचे दार उघडे होते. आत कोणी नव्हते. घरामागे घासाचा वाफा, त्याच्या टोकाला दोन शेळ्या बांधलेल्या, आणि वाफ्यात, उसाकडे पाठ करून, केशरबाई वाकून घास कापत होती. तिच्यात आणि उसात पंधरा पावले होती.

"मावशी, उठा," मेहताब म्हणाली. तिने पुन्हा म्हटले, "उठा. वाकू नका. उभ्या राहा."

केशरबाई विळा हातात धरून सरळ झाली. "काय गं? मोटर आनली का?"

त्याच वेळी शेळी ओरडली. अर्धेच ओरडली. मेहताबला एक पिवळे धूड दिसले, ते खाली होते आणि फार लांब होते, मग उसाचे शेंडे हलले, आणि एक दावे मोकळे जमिनीवर पडलेले होते. सगळे मिळून दोन श्वासांचे काम. गेममध्ये तिने त्याला मोठी डरकाळी दिली होती. खरा अगदी मुकाट आला आणि गेला.

केशरबाई पुढे निघाली, दुसरी शेळी सोडायला. मेहताबने तिचा दंड धरला. बाईने तो झटकला, शेळीपाशी गेली, उभ्यानेच विळ्याने दावे कापले, एवढे शहाणपण तिच्या अंगात मुरलेले होते, आणि शेळीला शिंगाला धरून ओढत आणली. मेहताब तिच्या पाठीला पाठ लावून उलटी चालत आली. दार लावले, कडी घातली, दारामागे कपड्यांची पेटी सरकवली. मग दोघी खाली बसल्या. शेळी थरथरत होती, तिच्यावर हात ठेवलेली केशरबाई थरथरत होती, आणि मेहताबच्या दातांचा आवाज तिचा तिला ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने केशरबाई म्हणाली, की फोन बंद ठेवला तो तिनेच. कोण कोण करतंय. रात्री नाही, पहाट नाही. कोणी हिंदीत बोलतं, कोणी नुसतं श्वास घेतं, कोणी वाघासारखं गुरगुरतं. एका पोरीने सॉरी आजी म्हटले आणि ती रडायलाच लागली. मालकांनी बाहेर काही करून ठेवलं होतं का, असे वाटून बाईने दोन वेळा देवाला नारळ फोडला.

सांगायची वेळ आता होती. आता नाही सांगितले तर कधीच नाही, हे मेहताबला कळत होते. बाहेर बिबट्या होता, तरी तिला त्याच्यापेक्षा या तीन वाक्यांची भीती जास्त वाटली. तिने जमिनीकडे पाहत सांगितले: गेम, पेटी, नंबर. बारा दिवसांपासून माहीत होते, हेही सांगितले.

केशरबाईने ऐकून घेतले. शेळीच्या पाठीवरचा हात थांबला.

"मंजी माझा आवाज लोकास्नी भुताचा वाटला व्हय?"

मेहताबने मान हलवली.

"आन त्याचं पैसं तुला आलं."

"हो."

"नंबर पुसलास?"

"त्याच दिवशी पुसला."

"आन नाव?"

"नावही पुसलं मावशी. सगळं पुसलं."

केशरबाईने शेळीच्या पाठीवरचा हात उचलला. मग म्हणाली, "नाव कशाला पुसलंस? नाव काय कुनाला फोन करतं?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. शेळी गेली तेव्हा ती रडली नव्हती.

सात वाजता बजरंग आठ-दहा माणसे, दोन ट्रॅक्टर आणि फटाके घेऊन आले. मेहताबने त्यांनाही सांगितले, कारण केशरबाई तिच्याकडे बघत होती. बजरंग ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले, भिंतीवरची यादी उगाच वाचत उभे राहिले आणि गनीभाईंना म्हणाले, "गनीभाई, तुमच्या पोरीनं बिबट्या विकला, आन आमची वैनी त्याच्यावर फुकट दिली." गनीभाईंनी हात जोडले. चाळीस वर्षांत त्यांना फाट्यावर कोणापुढे हात जोडावे लागले नव्हते. मेहताब बाजूला उभी होती. ते दृश्य तिला बिबट्यापेक्षा जास्त दिवस दिसत राहिले. त्या महिन्यात गुंजाळांच्या पाच मोटरी संगमनेरला गेल्या.

तिने त्या व्हिडिओवाल्या मुलाला खरे ते लिहिले. त्याने फोनचा भाग कापून टाकला, माफीही मागितली. फोन कमी होत होत थांबले. विक्रीही थांबली. म्हातारीचा आवाज नसेल तर गेममध्ये काय आहे, असे लोकांनी लिहिले.

बारावी पेटी मात्र आता कोरी नाही. सावळेराम गुंजाळ, पिंपळमळा. मोटर चोरू नये, लागल्यास मागावी. एवढे आहे, खाली आकडे नाहीत. केशरबाईला तिने कॉम्प्युटरवर ते दाखवले. बाईने चष्मा लावून पाहिले, ऊस जरा जास्तच हिरवा काढलायस म्हणाली, आणि दुरुस्त झालेली मोटर टेम्पोत घालून घेऊन गेली. बजरंग येऊन गेल्यानंतर त्या महिन्यात गुंजाळांची दुकानात झालेली ती एकच चक्कर.

तिचा फोन आता चालू असतो. रोज संध्याकाळी साडेपाचला मेहताब तो एकदा वाजवते. केशरबाई उचलते, "हाय मी" म्हणते आणि ठेवते. उचलायला चार रिंगांपेक्षा जास्त लागल्या तर मेहताब दुकानाबाहेर येऊन उसाकडे बघत उभी राहते.

गेलेली शेळी संगमनेरी होती आणि गाभण होती. बजरंग यांनी मध्ये बसून तिची किंमत बारा हजार ठरवली. डिसेंबरअखेर आलेल्या रकमेतून मेहताबने साडेदहा हजार दिले. शंभर डॉलर साठल्याशिवाय कंपनी पैसे पाठवत नाही, आणि त्यानंतर विक्री त्याच्या आत राहिल्याने पैसे आलेले नाहीत. केशरबाईचे पंधराशे रुपये द्यायचे आहेत.